बोलायचा आदेश

आई, तुझ्या चोरांचा मला हेवा वाटायचा हे तुला ठाऊक होतं. तो अजूनही वाटतो हे मात्र तुला ठाऊक असायचं काही कारण नाही. तुला जाऊन पंचवीस वर्षं उलटली, आणि मीही समजून चालले होते की ते सगळं केव्हाच संपलं. तू गेलीस त्या वयाच्या मी पुढे आलेय. गुडघे कुरकुरतात, चष्मा लावल्याशिवाय तांदळातले खडे दिसत नाहीत, आणि या वयात इथे दिल्लीत, मयूर विहारच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात उभ्या उभ्या माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून तुला काही सांगायचंय, आणि सांगायला दुसरं कुणी नाही. हे पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही, कारण पाठवायचंच नाहीये.

तुझी नोकरी मला शाळेत कधी कुणाला धड समजावता आली नाही. आर. के. पुरमच्या आपल्या ब्लॉकमध्ये कुणाचे वडील कुठल्या मंत्रालयात हे पोरासोरांनाही पाठ असायचं. माझी आई पीओ आहे असं सांगितलं की मैत्रिणी म्हणायच्या, "अच्छा, बैंक में?" मी मान डोलवायचे. बँकेतला पीओ असता तर किती सोपं झालं असतं! प्रोबेशन ऑफिसर म्हणजे काय ते सांगायला गेलं की गोष्ट थेट चोरांपर्यंत पोहोचायची. पहिल्यांदाच सापडलेला, लहानसहान गुन्हा केलेला माणूस, त्याला कोर्ट तुरुंगात धाडायच्या ऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडतं आणि तो खरंच नीट वागतोय ना हे बघायला तुझ्या हवाली करतं. त्याआधी तू त्याच्या घरी जायचीस, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचीस, हा माणूस कसा आहे ते जजसाहेबांना कळवायचीस. आणि मग वर्ष, दोन वर्षं तो दर महिन्याला तुझ्यासमोर हजेरी द्यायला यायचा. हे मी आत्ता तीन वाक्यांत सांगितलं, पण नववी-दहावीत मला एवढंच कळत होतं की माझी आई रोज दोन बस बदलून यमुनापार जाते आणि तिथे ज्यांनी लोकांच्या गळ्यातल्या चेन ओढल्या त्यांच्याशी दिवसभर गोड बोलते.

सुट्टीत तू मला बरोबर न्यायचीस, कारण घरी कुणी नसायचं. कोर्टाच्या आवारात टायपिस्टांच्या रांगेमागे तुझी ती खोली. पंखा होता पण वारा नव्हता. मी कोपऱ्यातल्या बाकावर चित्रं काढत बसलेय आणि तुझ्यासमोर एक मुलगा बसलाय, मिसरूडही न फुटलेला. चष्म्याच्या तुटक्या काडीला बांधलेला दोरा कानामागे सारत तू त्याला विचारतेयस, "खाना खाया? सच बोल." तो म्हणतो खाया. तू नुसती बघत राहतेस. तो मान खाली घालतो. तू पिशवीतून डबा काढतेस, आणि त्या डब्यातली एक पोळी माझी आहे हे मला माहीत आहे. मग तो बोलायला लागतो. बापाचं, दारूचं, कुठल्या तरी मामाचं. तू मधे एक शब्द बोलत नाहीस, फक्त "फिर?" म्हणतेस. मी चित्र पूर्ण करून तुझ्या टेबलाशी येते आणि तू माझ्याकडे न बघता म्हणतेस, "थांब." मी थांबले. आई, तुला सांगते, ते चित्र मी तुला दाखवलंच नाही आणि ते फार चांगलं झालं होतं.

त्या "फिर?"साठी मी काहीही दिलं असतं. आमच्या वाट्याला अबोला होता. तू कधी हात उगारला नाहीस, आवाज चढवला नाहीस, सगळ्या ब्लॉकमध्ये तुझी तारीफ व्हायची. पण तुझा अबोला ज्यानं भोगला त्यालाच त्याची चव माहीत. वेणी घालून द्यायचीस, डबा भरून द्यायचीस, ताप असला तर कपाळावर पट्ट्या ठेवायचीस, सगळं बिनआवाजाचं. आणि मी समोर बसलेली असताना बाबांना म्हणायचीस, "तिला सांगा, दूध झाकून ठेवलंय." बाबा बिचारे वर्तमानपत्रातून डोकं काढून मला सांगायचे, दूध झाकून ठेवलंय. कंडेन्स्ड मिल्कचा डबा मी चमच्यानं खाऊन संपवला आणि मांजरीचं नाव पुढे केलं, तेव्हाची गोष्ट तर मी विसरणं शक्य नाही. बंद कपाटातला डबा मांजर कशी उघडेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच आठवड्यात तुझा एक चेन ओढणारा दुसऱ्यांदा खोटं बोलताना सापडला होता आणि तू जेवताना बाबांना सांगत होतीस की त्याला अजून एक संधी द्यायला हवी. "जेलमध्ये टाकलं की त्याच्याशी माणसासारखं बोलणारं कुणी उरत नाही हो," तू म्हणालीस. "मग जो बोलेल त्याच्याकडून तो शिकणार." मी ताटातला भात चिवडत होते. माझ्याशी तू चार दिवस बोलली नव्हतीस. बाहेर कुणालाही जेलमध्ये टाकू नका म्हणून तू जजसमोर भांडायचीस, आणि घरात माझ्यासाठी अंधारकोठडी तयार.

त्याच रात्री की दुसऱ्या दिवशी, मला नीट आठवत नाही, तू पोळ्या लाटत होतीस आणि मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले. हात मागे बांधले, मान खाली घातली, आणि अगदी तुझ्या खोलीतल्या त्या मुलाच्या आवाजात म्हटलं, "मैडम, हाजिरी देने आई हूँ." तुझी पाठ माझ्याकडे होती. लाटणं थांबलं. तुझे खांदे हलले. तू हसलीस की रडलीस ते मला कळलं नाही, कारण तू वळलीच नाहीस. थोड्या वेळानं लाटणं परत सुरू झालं. मी मात्र बरेच दिवस मनात ठरवत होते की आपणही काहीतरी चोरायचं, पण ते असं की प्रकरण कोर्टात गेलं पाहिजे.

शेवटचं भांडण तुला आठवत असेल. एम.ए. झाल्यावर मी एका जाहिरात कंपनीत नोकरी धरली. तुला हवं होतं मी तुझं काम पुढे न्यावं. तू म्हणालीस, माणसं सोडून साबण विकणार का? मी म्हटलं, तुझ्या माणसांत मी कधी होते? आणि मग ते वाक्य आलं जे दहा वर्षं माझ्या घशात बसलं होतं: मी चोर असते तर तू माझ्याशी जास्त बोलली असतीस. ते वाक्य मी मागे घेत नाही, आई. तेव्हाही घेतलं नाही, आजही घेत नाही. तू ताटं उचललीस आणि तुझा अबोला सुरू झाला. हिवाळा होता. तू मटार सोलायचीस, मी समोर बसून सोलायचे, आणि बाबा इकडचं तिकडे सांगायचे. मीही हट्टाला पेटले होते, म्हटलं बघू या खेपेला कोण आधी बोलतं. आणि एका सकाळी बसस्टॉपवर तुला चक्कर आली, आणि तू बोललीच नाहीस.

तू गेलीस त्या दिवशी आपल्या ब्लॉकच्या फाटकाबाहेर तुझी माणसं येऊन उभी होती. कुणी कळवलं कोण जाणे. कोट नसलेली, अंगावर शाली घेतलेली, एकमेकांना न ओळखणारी. आणि रडत होती! मोठ्यानं, मोकळेपणानं, मला जमलं नाही तसं. मी बाल्कनीतून त्यांच्याकडे बघत होते आणि मला दुःखाआधी राग आला. तुझा शेवटचा शब्द त्यांच्यापैकी कुणाच्या तरी वाट्याला गेला असणार, असं माझ्या मनात आलं.

आता दुकानाचं सांगते. आम्ही मयूर विहारला सोसायटीत राहतो, बाबांना शेवटी मिळालेल्या फ्लॅटमध्ये. माझी मुलगी, जिला तू पाहिलं नाहीस, गुरुग्रामला नोकरी करते. मेट्रोनं जायला-यायला वेळ लागतो हे खरं, पण तिनं मैत्रिणींबरोबर तिथे फ्लॅट ठरवला, सही केली आणि मग मला सांगितलं. मी काही बोलले नाही. आजकाल न बोलण्याला सोयीही फार झाल्यात. घरच्या ग्रुपवर ती काही लिहिते, मी वाचते, आणि तिच्या वरच्या कुणाच्या तरी गुड मॉर्निंगला फूल पाठवते. जेवणाचा डबा नवऱ्याच्या हाती पाठवते. ती वैतागून म्हणाली होती, "मम्मा, भांडण कर ना यार, चिल्ला माझ्यावर, पण असं नको करू." मी गप्प. तर त्या दिवशी मी गरम कपडे घेऊन दुकानात गेले होते आणि नवऱ्याचा फोन आला, की ती रविवारी येतेय, आता तरी बोल. मी म्हटलं, "मी नाही बोलणार. हो, अबोला आहे माझा, असू दे."

काउंटरवरची बाई माझ्या स्वेटरची बटणं तपासत होती. माझ्याच वयाची, केसांत पांढरी पट्टी, हाताखाली दोन पोरं कामाला असलेली मालकीण. तिचा हात थांबला.

"आपने अभी अबोला बोला न?"

मी हसून म्हटलं, हो, मराठी शब्द आहे.

"पता है," ती म्हणाली. "ये तो हमारी मैडम का शब्द है।"

हमारी मैडम! पुढचं तिनं न विचारता सांगितलं. ती एकोणीस वर्षांची असताना झाडाखाली बापाबरोबर कपडे प्रेस करायची. कुणीतरी प्रेसला दिलेली पश्मिना शाल तिनं विकली आणि हरवली म्हणून सांगितलं. केस झाली. मैडमनं जजला काय सांगितलं देव जाणे, पण तिला जेल झाली नाही. दर महिन्याला हाजिरी आणि शिलाईच्या क्लासला जायचं, एवढंच. ती क्लासला गेलीच नाही आणि जाते म्हणून सांगत राहिली. "फिर मैडम ने अबोला कर दिया। मैं आऊँ, साइन करूँ, सामने चाय रख दें, बोलें कुछ नहीं। दो महीने! मैंने सोचा, इससे तो जेल अच्छी थी।"

आई, मला वाटत होतं निदान अबोला तरी माझा होता. बोलणं त्यांचं, अबोला आमचा, अशी वाटणी मी मान्य करून टाकली होती. तोही तू बाहेर देऊन आलीस. मी काउंटरची कड धरून विचारलं, मग मिटला कसा? तर ती अगदी सहज म्हणाली, "मैडम खुद आईं। दोपहर में, हमारे ठीये पे। स्टूल पे बैठ गईं। बोलीं, चल, मैं हारी। अब बता, क्लास में डर किस बात का लगता है।"

तू हरलीस? तू? माझ्या आठवणीत तू एकदाही आधी बोललेली नाहीस. एका शाल विकणाऱ्या पोरीसाठी तू भर दुपारी रस्त्यावरच्या स्टुलावर जाऊन बसलीस आणि मी हरले म्हणालीस. मला तिचा केवढा हेवा वाटला ते सांगायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. मी म्हटलं, "वो चश्मे की डंडी पे धागा बाँधती थीं?" ती म्हणाली, हो, तुम्ही ओळखता? मी सांगितलं की माझी आई. मला वाटलं ती आता हात धरेल, डोळ्यांत पाणी आणेल. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अच्छा," ती म्हणाली. "तो वो आप हैं। दूध का डिब्बा, और नाम बिल्ली का।"

"बुरा मत मानना दीदी, आप मुझे अच्छी नहीं लगती थीं," ती म्हणाली. "मैं अपना दुख लेके बैठूँ, और मैडम बोलें, मेरी बेटी भी ऐसे ही झूठ बोलती है, उसका भी मुँह ऐसे ही फूलता है। हर बात में बेटी। मैं सोचती थी, ऐसी क्या चीज़ है ये।" म्हणजे तुझ्या केसेसमध्ये माझीही केस चालू होती आणि मला पत्ता नव्हता. माझं मांजरसुद्धा यमुनापार पोहोचलं होतं. घरी आल्यावर मी चहा केला, तो तसाच गार झाला.

तीन दिवसांनी मी परत गेले. त्या गरम कपड्यांतला माझा कोट मी मुद्दाम तिथेच ठेवला होता. या वेळी सरळ विचारलं. म्हटलं, शेवटच्या हिवाळ्यात आमचं भांडण झालं होतं, त्याबद्दल कधी बोलली का? ती एका साडीची घडी घालत होती. तिनं आधी घडी पूर्ण केली.

"चोर वाली बात," ती म्हणाली. "बताई थी। तब तक मेरी हाजिरी ख़त्म हो चुकी थी, पर आती थीं कभी-कभी। उस दिन आईं, बैठीं, बोलीं, मेरी बेटी कहती है चोर होती तो उससे ज़्यादा बोलती। मैंने पूछा, तो आपने क्या कहा? बोलीं, क्या कहती, सही तो कहती है।"

ती पुढे म्हणाली, "फिर बोलीं, तेरे से बोलने का तो मुझे कोर्ट का आदेश है। उससे किसके आदेश से बोलूँ? मैं तो हँस पड़ी। मैंने कहा, मैडम, मैं देती हूँ आदेश। जाइए, बोलिए। वो भी हँसीं। उठते-उठते बोलीं, ठीक है, इस इतवार।"

मग तिनं साडी कपाटात ठेवली. "वो इतवार आया नहीं, दीदी," ती म्हणाली, आणि पोराला हाक मारून इस्त्री तापली का ते विचारू लागली.

म्हणजे तू बोलणार होतीस. हे मला कुणी त्या वेळी सांगितलं असतं तर... पण आता जर-तरला अर्थ नाही. तू बोलणार होतीस, आणि आधी बोलणार होतीस, यावर मी गेले कित्येक दिवस घरातली कामं करता करता परत परत येते आणि दर वेळी आनंद होतो, आणि दर वेळी त्या आनंदाच्या मागोमाग तीच जुनी कळ येते. तुला हसवलं तिनं. आदेश दिला तिनं. इतकी वर्षं तो रविवार तिच्याकडे पडून होता, आणि मला त्यासाठी तिच्या दुकानात जावं लागलं. मीच दारात उभी राहून हाजिरी देते म्हणाले होते ना, आई? तोही आदेशच होता. तुला तो ऐकू आला नाही का?

रविवारी मुलगी आली. मेट्रोतून उतरून येता येता तिनं बापाच्या सांगण्यावरून माझा कोट आणायला दुकानात पाऊल टाकलं आणि वर यायला इतका वेळ लावला की मी बाल्कनीत तीनदा जाऊन आले. कोट खांद्यावर टाकून आली आणि चपला काढायच्या आधी म्हणाली, "मम्मा, अबोला म्हणजे काय?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बिल्कुल मदतीला आला नाही.

"त्या आंटी म्हणाल्या, तुझा माझ्याशी अबोला चालू आहे. मी म्हटलं ये क्या होता है, तर म्हणाल्या घर जाके पूछो. सांग ना. सायलेंट ट्रीटमेंट?"

"नाही," मी म्हटलं. मला तो शब्द आवडला नाही. "ते वेगळं. अबोल्यात खूप बोलायचं असतं. फक्त आधी कुणी बोलायचं ते..." आणि मी थांबले, कारण ती हसायला लागली होती.

"मग आत्ता कोण बोललं?"

मी बोलले होते. एका शब्दाचा अर्थ सांगायच्या नादात माझा तीन आठवड्यांचा अबोला मोडला होता. मी म्हटलं, "चल, मी हरले. बस. आता सांग, तो फ्लॅट आधी का नाही सांगितलास?" आणि ती सांगायला लागली. मी मधे फक्त "मग?" म्हणत होते. फार अवघड असतं गं ते. माझ्या जिभेवर दर मिनिटाला एक उपदेश येत होता आणि मी तो गिळत होते. तू दिवसभर कसं करायचीस?

निघताना ती म्हणाली, आंटीनं आजीच्या किती गोष्टी सांगितल्या, आजी म्हणे त्यांच्या झाडाखालच्या ठीयावर बसून इस्त्री करायला शिकली आणि कुणाचा तरी कुर्ता जाळला. मला ही गोष्ट माहीत नव्हती. माझ्या मुलीला ती माझ्या आधी मिळाली. मी "हो का" म्हटलं आणि तिच्या डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या.

काल मी परत दुकानात गेले होते. तुझी निळी कॉटनची साडी घेऊन. खरं सांगू का, ती मळलेली नव्हती. गेल्या महिन्यातच मी ती घरी धुवून, इस्त्री करून ठेवली होती. त्या बाईनं घडी उलगडली, काठावरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं. साडी होती तशी परत घडी घातली, काउंटरच्या मागून स्टूल काढलं आणि माझ्या पुढे सरकवलं. मी बसले.